औषधाआधीचे दोन घास

ज्ञानाचा मार्ग उपासातून जातो. आमच्या संस्थेत हे शब्दशः खरं होतं; फक्त उपास उंदरांचा असे आणि ज्ञान संचालकांच्या नावावर जमा होई.

संस्था कामथडीच्या पुढे, हायवे सोडून जरा आत होती. एका बाजूला टोमॅटोचं शेत, दुसऱ्या बाजूला मंगल कार्यालय. लग्नसराईत बँड सुरू झाला की आम्ही ‘प्राण्यांवर बाह्य आवाजाचा ताण’ अशी नोंद करत असू. पंगतीचा वास सुटला की कर्मचाऱ्यांवर ताण येई, पण त्याला रकाना नव्हता.

मी तिथे पशुवैद्य होतो. त्याआधीची वीस वर्षं वेल्ह्याच्या डोंगरात गाईम्हशींच्या पोटात कोपरापर्यंत हात घालण्यात गेली. सरकारी नोकरी संपल्यावर भोरच्या घरात बसून पेपर दोनदा वाचायला लागलो, तेव्हा कुणीतरी या जागेबद्दल सांगितलं. काम सोपं होतं. सकाळच्या पुण्याच्या एसटीने यायचं, सगळे पिंजरे पाहायचे, जनावर ठीक असेल तर पत्रकावर ‘सामान्य’ लिहायचं आणि सही करायची. म्हैस आजारी पडली तर तिचा मालक चार कोस चालत येऊन सांगतो. उंदराचा मालक परदेशात असतो आणि त्याला फक्त पत्रक जातं. हा फरक मला फार उशिरा कळला.

त्या वर्षी आमच्याकडे लठ्ठपणावरचं औषध आलं होतं. भूक कमी करणारं, साखर ताब्यात ठेवणारं. ते पेप्टाइड होतं, म्हणजे प्रथिनाचाच एक लहान तुकडा. अशी औषधं सुईने देतात, कारण तोंडाने दिली तर पोट त्यांना पचवून टाकतं. पोटाला औषध आणि तुरीची डाळ यांतला फरक कळत नाही. आता या औषधवाल्या कंपनीने त्या तुकड्याबरोबर एक सोबती जोडून दिला होता. पोट पूर्ण रिकामं असेल तर हा सोबती औषधाला जठराच्या भिंतीतून रक्तात नेऊन सोडणार होता. पोटात दुसरं काही असलं की सोबतीची वाट चुकते आणि औषधाची डाळ होते. म्हणून उंदीर रात्रभर उपाशी ठेवायचे, सकाळी आठला घशातून नळी घालून औषध पोटात सोडायचं आणि तासाभराने खाणं द्यायचं. एवढाच सगळा प्रयोग. एका रॅकवरच्या उंदरांना औषध, समोरच्या रॅकवरच्यांना नुसतं पाणी. त्याआधी तीन महिने सगळ्यांना तुपकट गोळ्या खाऊ घालून आम्हीच लठ्ठ केलं होतं. सगळे पांढरे, गुबगुबीत आणि संथ. शेजारच्या कार्यालयातल्या पाहुण्यांसारखे.

प्राणिगृह एक मावशी सांभाळायच्या. पन्नाशीच्या. सासर पासलीचं, तिथे भातशेती. नवरा गेल्यावर दिराकडे शेत ठेवून त्या नसरापुरात खोली घेऊन राहत होत्या. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, रात्री खाणं काढून घेणं, सकाळी साडेसहाला येऊन दिवे लावणं, ही त्यांची कामं. नळी घालणारा तंत्रज्ञ आठला यायचा, मी सातला.

मी आत गेलो की उंदीर मागे सरकायचे. मावशी गेल्या की सगळे पुढे येऊन जाळीला नाक लावायचे.

“मावशी, तुम्हाला ओळखतात ही.”

“वळकणारच की. तुमी येता मुंडकं धराया, म्या येते घाण काढाया. तुमीच सांगा, कुणाकडं येतील?”

एका सकाळी पिंजऱ्याखालच्या ट्रेमध्ये मला पांढरा कण दिसला. बोटाने दाबला. तांदळाची भाकरी. वेल्ह्यातली वीस वर्षं मी ती भाकरी खाल्ली आहे. ती ओळखायला मला प्रयोगशाळा लागत नाही. पुढच्या ट्रेमध्येही एक कण होता. त्याच्या पुढच्याही. मावशी पाठमोऱ्या उभ्या राहून झाडू मारत होत्या. न्याहारी करताना सांडलं असेल, असं मला वाटलं. खरं तर तसं वाटलं नाही, मी तसं वाटून घेतलं. बोट ॲप्रनला पुसलं आणि पत्रकावर ‘सामान्य’ लिहिलं.

महिनाभराने वजनं आली. दोन्ही रॅक सारखेच. औषध घेतलेले उंदीरही तितकेच जाड आणि नुसतं पाणी घेतलेलेही. आलेखावर दोन रेघा एकमेकींच्या गळ्यात गळा घालून चालल्या होत्या.

संचालकांनी बैठक बोलावली. त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर त्यांचेच फोटो होते: शाल घेताना, शाल देताना आणि एकात नुसती शाल घेऊन बसलेले. माणूस मोठा होता, सगळ्या अर्थांनी. त्यांनी आलेख हातात धरला, लांब केला, जवळ आणला.

“डोस कमी पडतोय,” ते म्हणाले. “मी अनुभवाने सांगतो.”

अनुभव त्यांच्या खिशात होता. असंच एक तोंडाने घ्यायचं औषध तेव्हा बाजारात मिळू लागलं होतं आणि पुण्याच्या त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना ते सुरू केलं होतं. त्यांनी गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली.

“चार महिने झाले. पट्टा एक भोकसुद्धा आत आला नाही. ही औषध बनवणारी मंडळी फार भित्री. डोस देतात तो चिमणीला पुरेल एवढा.”

चहा आला. त्यांनी एक बिस्किट बुडवून खाल्लं, मग दुसरं, आणि चहाच्या घोटाबरोबर गोळी घेतली.

“तिप्पट करा,” ते म्हणाले.

माझ्या बोटावर तो कण अजून होता असं मला वाटत होतं. बोलायची हीच जागा होती. बशी फिरत माझ्यापाशी आली, मी बिस्किट उचललं आणि बोलायची जागा निघून गेली.

तिप्पट डोसाचे पहिले दोन दिवसही काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी मावशींनी भाताच्या लावणीसाठी दहा दिवसांची रजा टाकली. जाताना पदराला हात पुसत माझ्या टेबलापाशी आल्या.

“माज्या मागं ह्यांच्याकडं बगा, डाक्टर. रिकाम्या पोटी ऱ्हाऊ देऊ नका.”

“बघतो,” मी म्हणालो. मी सगळ्यांनाच असं म्हणतो.

त्यांच्या जागी एजन्सीने एक गृहस्थ पाठवले. पंधरा वर्षं कारखान्याच्या फाटकावर पहारा केलेले. नियम दाखवला की तो तोंडाने वाचायचे आणि मग तसाच पाळायचे. रात्रीच्या वेळेला खाणं काढून घ्यायचं म्हणजे काढून घ्यायचं. सकाळी ते दिवे लावायचे आणि दारापाशी स्टूल टाकून पाठ सरळ करून बसायचे, जणू उंदीर पळून जातील.

प्राणिगृहाला स्वतःचा एक आवाज असतो. कुरतडणं, खसखस, पाण्याच्या बाटलीच्या नळीतल्या गोळीची टकटक. रोज ऐकणाऱ्याला तो ऐकू येत नाही. मावशींच्या रजेच्या दुसऱ्या दिवशी मी आत गेलो आणि थबकलो. दार चुकलं की काय असं वाटलं. पाणी दिलेला रॅक नेहमीसारखा खुडबुडत होता. औषधाचा रॅक गप्प होता. कुणी पुढे आलं नाही, कुणी मागेही सरलं नाही. पाठीची कमान करून, केस फुलवून, डोळे अर्धे मिटून बसले होते सगळे. मी बोटाने जाळी वाजवली. एकाने मान वळवली आणि मग वळवल्याचा पश्चात्ताप झाल्यासारखी पुन्हा आत घेतली.

“शांत आहेत,” स्टुलावरचे गृहस्थ समाधानाने म्हणाले. “काल लई गडबड करत होते.”

तिसऱ्या दिवशी खाण्याच्या जाळ्या भरलेल्याच होत्या. मात्र पिंजऱ्यातला भुसा कमी झाला होता. काही पिंजऱ्यांत तळाचं प्लॅस्टिक दिसत होतं.

उंदराला उलटी करता येत नाही. निसर्गाने त्याला ती सोयच दिलेली नाही. मळमळलं की तो माती खातो, भुसा खातो, जे मिळेल ते खातो. हे वाक्य मी विद्यार्थी असताना परीक्षेत लिहिलं होतं आणि मला त्याचे पूर्ण गुण मिळाले होते. ते डोळ्यांनी पाहायला तीस वर्षं लागली. समोर तुपकट गोळ्या, ज्यांच्यासाठी महिन्यापूर्वी हे एकमेकांच्या अंगावरून जायचे; आणि हे लाकडाचा भुसा चावत होते. हळूहळू, आवाज न करता.

चौथ्या दिवशी तीन मेले.

त्याच सकाळी मागच्या शेडपाशी टेम्पो लागला आणि कुत्री उतरली. तपकिरी-पांढरी, लांब कानांची, सगळी सारख्या वयाची. पुढचा टप्पा त्यांचा होता. उंदरांवर जो डोस ठरेल, त्यावरून हिशोब करून कुत्र्यांचा काढायचा. कुत्र्यांच्या आकड्यावरून पुढे माणसांचा काढतात. माणसांना आधी एक कागद सही करायला देतात, एवढाच फरक. औषधवाल्या कंपनीची माणसं सोमवारी येऊन डोसावर शिक्का मारणार होती. त्या दिवशी गुरुवार होता. कुत्री नवी जागा पाहून भुंकत होती आणि उंदरांच्या त्या गप्प खोलीत ते भुंकणं भिंतीतून आल्यासारखं ऐकू येत होतं.

मी संचालकांकडे गेलो. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. आलेख माझ्यासमोर फिरवला. औषधाची रेघ डोंगरावरून दगड सुटावा तशी खाली आली होती.

“पाहा. मी काय म्हटलं होतं?”

“सर, तीन मेले आहेत.”

“पाहिलं मी.”

“मेलेल्यांचं वजन धरलंय का यात?”

“मरेपर्यंतचं धरलंय,” ते म्हणाले. शास्त्रीयदृष्ट्या ते बरोबर होतं.

“भुसा खातायत, सर.”

“म्हणजे भूक आहे. छान.”

दुपारी मी मावशींना फोन लावला. पासलीत रेंज नसते; बांध चढून गेलं तर मिळते. चार वेळा लागला नाही. पाचव्यांदा उचलला, तेव्हा मागून पाण्याचा आणि बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता.

“मावशी, एक विचारायचंय. सकाळी औषधाआधी तुम्ही उंदरांना काही देत होता का?”

“व्हय की. चिमूटभर भाकर. का वो?”

“का देत होता?”

त्यांनी आधी मागच्या बायकांना गप्प केलं. मी चेष्टा करतोय का, हे त्या ठरवत असाव्यात.

“आता काय सांगावं तुमास्नी. उपाशी पोटी औशिद देत्यात व्हय कुणी? पोट जळतं. ल्हान लेकराला सुदा आदी दोन घास चारतो आन् मग गोळी. तुमच्या घरात न्हाई चारत?”

आमच्या घरात चारतात. माझी बायको तापाच्या अर्ध्या गोळीआधी मला पोळीचा तुकडा खायला लावते आणि मी खाल्ला की नाही ते उभी राहून पाहते. तिची आई तसंच करायची. या तालुक्यात औषधाची चिठ्ठी वाचता न येणारी माणसं असतील, पण रिकाम्या पोटी गोळी देणारं घर मी पाहिलेलं नाही.

“दोन्ही बाजूंच्यांना देत होता?”

“मग. एकाला दिऊन दुसऱ्याला कसं न्हाई द्यायचं? त्ये बगत असत्यात.”

“कधीपासून?”

“पयल्या दिसापासनं.” मग अगदी सहज: “तुमी तर बगितलंवतं की. बोटानं उचलून. म्या म्हनलं, डाक्टर काय बोललं न्हाईत, म्हंजी चालतंय.”

बांधावरून कुणीतरी त्यांना हाक मारली. “बरी हायेत न्हवं माजी?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आल्यावर बोलू.

आता सगळं सरळ होतं. जुना डोस कमी नव्हताच. तो भाकरीत मुरत होता. भाकरीमुळे तो तिप्पट झाला आणि भाकरी देणारा हात लावणीला गेल्यावर तिप्पट डोस पहिल्यांदाच खऱ्या रिकाम्या पोटात पडला. आता हाच आकडा सोमवारी मागच्या शेडमध्ये जाणार होता. थांबवायचा असेल तर भाकरी कागदावर आणावी लागणार होती. त्यात मावशींची नोकरी जाणार हे उघड होतं. आणि रोजच्या पत्रकावर ‘सामान्य’ लिहून कुणाची सही होती, हेही उघड होतं.

एक रात्र मी ते माझ्यापाशी ठेवलं. हे लपवण्यात अर्थ नाही. शुक्रवारी सकाळी आणखी पाच मेलेले सापडले आणि एकाच्या तोंडात भुसा तसाच होता. मी ऑफिसात जाऊन डेव्हिएशनचा फॉर्म काढला. ठरल्या नियमाबाहेर काही घडलं की तो भरतात. आमच्याकडे त्याचा गठ्ठा न फोडलेला होता.

फॉर्म भरण्याआधी संचालकांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

“भाकरीचा तुकडा?” ते म्हणाले.

“चिमूटभर. प्रत्येकाला. रोज.”

“डॉक्टर, हे आंतरराष्ट्रीय दर्जाचं काम आहे. त्यात भाकरी कुठे घालता?”

“मी नाही घातली, सर. ती पोटात गेली आहे.”

“कुणाला कळणार आहे?”

“कुत्र्यांना कळेल.”

त्यांनी खुर्ची फिरवून फोटोंकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, “त्या बाईला आजच्या आज काढू. चूक तिची. तुमची सही आहे, तुम्ही कशाला मधे पडता?”

खरं सांगायचं तर हा मार्ग सोपा होता आणि मी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलंही. मग फॉर्मवर लिहिलं: औषधाआधी प्राण्यांना खाणं दिलं जात होतं, पशुवैद्याने ते पाहिलं होतं, पशुवैद्याने ‘सामान्य’ अशी नोंद केली. तीन ओळी. कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते कळेना. ‘माया’ लिहिलं असतं तर कुणीतरी पुढे इंग्रजीत भाषांतर करायला पाठवलं असतं. ‘स्थानिक पद्धत’ लिहिलं आणि सही केली. ती वीस वर्षांत पहिल्यांदा नीट वाचता येईल अशी आली.

सोमवारी कंपनीची माणसं आली, फॉर्म वाचला आणि शिक्का पिशवीत परत ठेवला. डोस रद्द. प्रयोगही रद्द. कुत्री जशी आली तशीच टेम्पोत चढली. एकाने जाताना माझ्याकडे पाहून शेपूट हलवलं. त्याला काही माहीत नव्हतं, ते सगळ्यांकडेच पाहून हलवत होतं.

मात्र रद्द झालेल्या प्रयोगातले प्राणी ठेवत नाहीत. दुसऱ्या कामाला वापरत नाहीत, सोडून देत नाहीत. आजारी असोत की धडधाकट, दोन्ही रॅक. हे मला फॉर्म भरताना माहीत होतं आणि ते काम पशुवैद्याचं असतं, हेही. काचेची पेटी असते, तिच्यात वायू हळू सोडतात. नुसतं पाणी दिलेल्या रॅकवरचे उंदीर चांगले जाडजूड होते. मावशी नसल्यामुळे ते त्या आठवड्यात माझ्याकडेही पुढे येऊ लागले होते. जाळी उघडली की ते हातावर चढायचे. मला सगळी सकाळ लागली. शेजारच्या कार्यालयात त्या दिवशी लग्न नव्हतं, त्यामुळे बाह्य आवाजाची नोंद करावी लागली नाही.

मावशी गुरुवारी आल्या. हाताच्या बोटांना चिखलाने चिरा पडल्या होत्या. डब्यात भाकरी होतीच. दार उघडून त्यांनी दिवा लावला आणि तिथेच उभ्या राहिल्या. रिकामे पिंजरे धुऊन उलटे ठेवलेले होते.

“समदी?”

“सगळी.”

त्यांनी डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मी सगळं सांगितलं. भाकरी, डोस, भुसा, फॉर्म.  त्या रडल्या नाहीत, माझी चूकही काढली नाही. शेवटी एवढंच विचारलं, “जाताना खाऊन गेली का?”

“हो,” मी म्हणालो. त्या सकाळी उपाशी ठेवायचा नियम नव्हता. औषधाच्या रॅकवरच्यांसमोरही मी खाणं ठेवलं होतं. ते त्यांनी खाल्लं नाही, हे मी सांगितलं नाही.

त्यांना काढून टाकायचं ठरलंच होतं. पण फॉर्मवर पशुवैद्याने पाहिलं होतं असं आलं होतं. त्यांना काढलं असतं तर मलाही काढावं लागलं असतं आणि पशुवैद्य नसेल तर प्राणिगृहाला कुलूप लागतं. तपासणी पुढच्या महिन्यात होती. म्हणून मला नुसती कारणे दाखवा नोटीस मिळाली, तिला मी उत्तर दिलं, आणि दोन्ही एकाच फाईलला लागली. मावशींची बदली कँटीनमध्ये झाली. प्राण्यांच्या खाण्याशी त्यांचा यापुढे संबंध राहू नये, असं आदेशात होतं.

पुढे नवे उंदीर आले. स्टुलावरच्या गृहस्थांनी त्यांना नियमाने उपाशी ठेवलं. पहिल्याच, कमी डोसाला वजन उतरलं. कुणी भुसा खाल्ला नाही, कुणी मेलं नाही. कुत्री पुन्हा आली. मी आता ट्रेमधला प्रत्येक कण उचलून पाहतो. खोलीतली खुडबुड कमी झाली की मला घाम येतो, आणि औषध लागू पडत असेल तर ती कमी होतेच. हे औषध चांगलं आहे असं सगळे म्हणतात. असेलही. जनावराची भूक कमी झाली हे वजनावरून कळतं. आणखी काय काय कमी झालं, त्याला रकाना नाही.

वर्षअखेरीला संस्थेत कार्यक्रम झाला. संचालकांनी शाल स्वीकारली आणि काटेकोरपणा या विषयावर अर्धा तास बोलले. विज्ञानात एका कणालाही क्षमा नाही, असं त्यांचं एक वाक्य होतं. ते आता दर्शनी भिंतीवर पितळी अक्षरांत लावलं आहे.

ते अजून तीच गोळी घेतात. रोज सकाळी कँटीनमध्ये येतात, खिशातून पट्टी काढतात आणि मावशी चहाआधी त्यांच्यापुढे दोन बिस्किटं ठेवतात. ही गोळी उठल्याबरोबर रिकाम्या पोटी, घोटभर पाण्याबरोबर घ्यायची असते, असं मी त्यांना एकदा सांगून पाहिलं. उपाशी पोटी औषध आपल्याला सोसत नाही, पोट जळतं, असं ते म्हणाले. त्यांचं वजन आहे तेवढंच आहे.